शिट्टी थांबली

उस्मानपुऱ्यातल्या भामाबाईंच्या पाळणाघरात अडीच वर्षांची श्रेया सकाळपासून धापा टाकत होती. श्वासागणिक गळ्याखालची खळी आत ओढली जायची आणि छातीत शिट्टी वाजायची. दम्याचा पंप तिच्या पिशवीतच होता. कसा द्यायचा, तेही तिच्या आईनं, मोनिकानं, दाखवून ठेवलं होतं. पण एवढ्याशा जिवाला पंपाची सवय लागली म्हणजे? भामाबाईंनी आपली लेकरं ओव्याच्या धुरीवरच वाढवली होती. त्यांनी निखाऱ्यावर ओवा टाकला आणि पोरीला मांडीवर घेऊन धुरी दिली.

थोड्या वेळानं शिट्टी थांबली. पोरगी मलूल होऊन खांद्यावर पडली. भामाबाईंना हायसं वाटलं. त्यांनी मोनिकाला ऑफिसात फोन लावला, "काळजी करू नको गं. शिट्टी थांबली. लई निवांत झोपलीय."

पोरीचे ओठ निळे दिसले तेव्हा त्या रिक्षा करून धावल्या, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "शिट्टी वाजायलासुद्धा आत हवा जावी लागते."

पाळणाघराला कायमचं कुलूप लावून भामाबाई मोनिकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

मोनिका म्हणाली, "मावशी, तुमचा फोन आल्यावर मी पोटभर जेवले हो."