दीड सेकंदाचा उशीर

डॉक्टर मोघे हैदराबादहून जीपने आलापल्लीला आले ते थेट कांता रामटेकेच्या टेबलापाशी. वनखात्याच्या त्या खोलीतला भूकंपमापक दोन वर्षं तीच सांभाळत होती, रोजंदारीवर.

“कांताबाई, तुमच्या केंद्रानं कमाल केली!” त्यांनी नकाशा पसरला. “फिजीच्या भूकंपाची लाट बाकी बारा ठिकाणी वेळेवर पोचली, इथं मात्र दीड सेकंद उशिरा. खोल खडक तापलेला असला की लाटा रेंगाळतात. ज्या तप्त झोतानं दख्खनचा काळा दगड ओतला, त्याची ऊब अजून खाली आहे! उद्या परिषदेत हेच वाचतोय.”

 तो दीड सेकंद कुठला, हे कांताला पक्कं ठाऊक होतं.

यंत्राचं घड्याळ रोज रेडिओच्या ठोक्यांशी ताडायचं आणि फरक वहीत लिहायचा, एवढंच तर तिचं काम. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिनं तो रेडिओ विहारात नेला. दीक्षाभूमीचा कार्यक्रम ऐकायला सारी वस्ती लोटली होती. दिवसभरात सेल बसले. नवे मिळाले ते चौथ्या दिवशी, आठवडी बाजारात. मधले आकडे तिनं अंदाजानं ठोकून दिले, आणि फिजीचा भूकंप नेमका बाजाराच्या आदल्या दिवशी झाला. नंतर ताडून पाहिलं तर घड्याळ दीडेक सेकंद पुढे पळालेलं, म्हणून वेळेवरची लाटही उशिराची दिसली! वहीत खाडाखोड करायची तिची छाती झाली नाही.

घरात मिळवती ती एकटी. तोंड उघडलं की रोजी गेलीच म्हणायची. डॉक्टर नकाशा गुंडाळू लागले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“थांबा, सर. तो उशीर जमिनीचा नाई, घड्याळाचा आहे.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर भडकले. “मी विचारलंही नव्हतं! सांगितलं नसतंत तर कळलं असतं कुणाला?”

“कोनालेच नाई. मले तेवढं मालूम होतं. मले काढून टाका सर, पन ते वाचू नका.”

त्यांनी तिची वही पाहिली; अंदाजाचे आकडे खऱ्यांत बेमालूम मिसळले होते. जीपमधून बाकीच्या बारा केंद्रांच्या वह्या आणवल्या आणि भराभर पानं उलटू लागले. दोन वर्षांत कुणाचाही एक दिवस चुकलेला नव्हता, ना पावसाळ्यात, ना सणावारी. आकडे कसे सुबक, एकसारखे, जणू एका बैठकीत ठोकून दिलेले.

डॉक्टरांनी शेवटची वही मिटली. 

“तेरा वह्यांत खोटं कुठं कुठं आहे, त्यातलं मला एकाच वहीतलं कळलंय,” ते म्हणाले. “तुम्हाला काढलं तर ठेवू कुणाला?”