अळणी जीभ

सर्वपित्रीची दुपार. वारा पडलेला, ऊन पांढरेफटक, आणि त्या शब्दहीन, छायाहीन उन्हात नदीमुखाशी अमावास्येची भरती चढत होती. लाट नाही, फेस नाही, नाद नाही. नुसते चढत होते ते शिसवर्णी, स्निग्ध, संथ पाणी. बांधाच्या एका अंगाला ते पाणी, दुसऱ्या अंगाला लोंबीत दूध भरलेले भात. पाणी भाताहून उंच झाले होते. जन्म बांधावर काढला तरी त्या दृश्याची सवय होत नाही.

पाऊस यंदा पंधरवडा आधीच पाठ फिरवून गेला होता. तृषार्त, तडकलेली शेते. वरच्या धरणातून सकाळी पाणी सोडल्याचा निरोप आला होता. ते गोडे पाणी भरतीने बांधाशी रेटले, की उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळ्या काढायच्या आणि शेते पाजून घ्यायची. पण नदी लबाड. गोडे वर तरंगते, खारे तळाशी दबा धरून बसते. ते एकदा आत शिरले, की तीन वर्षे भात विसरा.

म्हणून उघाडीला जीभ लागते. हासुराम म्हात्रे भरतीत वाहून गेला, तेव्हापासून सात वर्षे ती जीभ त्याच्या बायकोची, चांगुणाची. चाखण्याआधी दोन दिवस ती अळणी जेवे. अळणी भात, अळणी कालवण. सरकारी माणसाने खारेपणा मोजायचे यंत्र दिले होते. गावाने ते देवळात ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि विषय संपवला.

श्रावणातल्या तापानंतर तोंडाला चव राहिली नव्हती, हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. येईल परत, असे ती स्वतःला समजावत होती.

तिने बांबूचे नळकांडे तळाशी सोडले, वर ओढले, ओंजळीत ओतले. बांधावर जमलेले गाव पुढे सरकले. पितरांची पाने कधीची मांडून ठेवली होती, कावळा एकही फिरकला नव्हता.

गोड. निखळ, निर्मळ, शहाळ्यासारखे गोड.

आणि फळ्यांमागून, त्या निश्चल, निस्तरंग पाण्यातून हाक आली.

"उघर, चांगुने. गोर हाय."

हासुरामचा आवाज. इतर कुणाला तो ऐकू आला नाही. ती घाबरली नाही. सात वर्षे ती त्या आवाजाला भुकेली होती.

"काय काकी, कारू फल्या?" फावडे घेऊन उभ्या असलेल्या पोसूने विचारले.

"कार," ती म्हणाली. "गोर हाय."

बांधभर आनंद उसळला. कुणी पितरांना हात जोडले, कुणी फळीला हात घातला. चांगुणाचे डोळे भरून आले. भात वाचले, गाव वाचले, आणि सांगायला तो आला. आसू गालावरून ओघळले, ओठावर थांबले, जिभेवर उतरले.

तेही गोड होते.

भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

"थांब रे पोसू! नको कारू!" ती ओरडली. मग मान खाली घातली. "माजी जीब गेली. तापात गेली. मी लपवला तुमच्यापासून."

सुनेने, पमीने, नळकांडे हातातून घेतले, घोट घेतला आणि तिथेच थुंकला.

"आये, मीठ हाय गो. नुसता मीठ."

बोटभर उचललेली फळी ठोकून खाली बसवली गेली. आत आलेली पाण्याची एक बारीक धार पहिल्या खाचराच्या कडेला जिरली, आणि तेवढीच जमीन काळवंडली. कुणी तिला बोल लावला नाही. ते तिला अधिक लागले. पोसू यंत्र आणायला देवळाकडे धावला.

ती फळ्यांना पाठ टेकून बसली, ओहोटी लागेपर्यंत. माणसे पांगली, ऊन कलले, पाणी फळ्यांच्या कडेपर्यंत चढून राहिले. मागे अथांग, अस्पंद नदी, पुढे दुधाने भरलेले भात, मध्ये चार बोटे लाकूड आणि चांगुणा.

"उघर, चांगुने."

"नाय," ती म्हणे.

आवाज त्याचाच होता, मायेचा होता, आणि पुन्हा पुन्हा येत होता. ती प्रत्येक हाकेला नाय म्हणत होती, आणि रडत होती, आणि ओठाशी येणारे पाणी पदराने पुसत होती, चाखत नव्हती.