लाव्ह्याखालचे तीन हात

मोजणी अधिकारी आदेरितो नकाशा गुंडाळायला लागला, तशी न्हा एर्मेलिंदाच्या (तिकडे बाईमाणसाला मानानं 'न्हा' म्हणतात, बाप्याला 'न्यो') अंगाचा तिळपापड झाला. फोगो बेटावर, ज्वालामुखीच्या अगदी पायाशी तिचं घर होतं. गेल्या डिसेंबरात लाव्हा आला आणि घर, चूल, वाईनची पिंपं, सगळं गिळून बसला. आता वर नुसता काळा खडबडीत दगड. तरी बाई तिथंच घर बांधायला निघाली होती.

"न्हा, तुमची जमीनच उरलेली नाही," आदेरितो समजुतीनं म्हणाला. "लाव्ह्यावर परवानगी कशी देऊ? खाली नव्या वस्तीत खोली मिळतेय, ती घ्या."

"जमीन पळून गेली का कुठं? ती सहा मीटर वर आली, मीही आले. तुझं काय जातंय?"

"पण ती इथंच होती कशावरून? शेजाऱ्याची साक्ष तरी आणा."

इथंच तर घोडं अडलं. शेजारी म्हणजे न्यो लिबेरातो, तीस वर्षांचा हाडवैरी. चर्चमध्येसुद्धा दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायची. तो नुसतं 'ठाऊक नाही' म्हणाला असता, तरी एर्मेलिंदाचा जन्म त्या खालच्या खोलीत गेला असता. पण मेल्याला हाक मारण्यावाचून इलाज नव्हता. तिनं मारली.

लिबेरातो लाव्ह्यातून वाचलेल्या द्राक्षवेली छाटत होता. हात पुसत आला. आधी शिखराकडे पाहिलं, मग समोरच्या कड्यातल्या खाचेकडे. दोन्ही एका रेषेत येईपर्यंत तो डावीकडे सरकत गेला आणि टाच रोवून थांबला.

"हे हिचं दार," तो म्हणाला. "इथून त्या सुळक्यापर्यंत हिची जमीन."

आभार मानायला एर्मेलिंदानं तोंड उघडलं, तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "त्यातले अलीकडचे तीन हात माझे."

"तुझे? माझा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा कुंपण सरकवलंस, ते विसरलास होय रे?"

"बांधावरच्या अंजिरापर्यंत माझंच होतं."

"अंजीर जळून कोळसा झालं. तुझी हाव तेवढी जळली नाही."

"अहो, खाली काही शिल्लक नाही," आदेरितो काकुळतीला आला. "भांडताय कशावरून?"

"जमिनीवरून," दोघं एकदमच म्हणाली.

आदेरितोनं डोकं खाजवलं आणि नकाशा पुन्हा उलगडला. "आधी वाद मिटवा. मग नाव लिहितो."

"मिटणार नाही," एर्मेलिंदा म्हणाली. "वाद चालू आहे, असंच लिही. जमीन नसती तर वाद कसला आला असता?"

बिचाऱ्यानं लिहिलं. डिसेंबरपासून जो तो तिला घोंगडी देत होता, तांदूळ देत होता, च् च् करत होता. कीव ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आज कितीतरी महिन्यांनी कोणीतरी तिच्याशी घरमालकिणीशी भांडावं तसं भांडलं होतं, आणि तिला मनापासून बरं वाटलं. तिनं एक मोठा दगड उचलला आणि नेमका त्या तीन हातांत नेऊन टाकला.

"उचल तो," लिबेरातो खेकसला.

"कोर्टात जा," ती म्हणाली आणि दुसरा दगड आणायला वळली.