बिनवासाची

“पाचही वाइनना औषधाचा वास?” साहेबांनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. “बाटल्या नासल्यात, की तुमचं नाक?”

कुणीतरी फिसकन हसलं. मी पुन्हा वास घेतला. होताच. उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा.

आमचं काम ऐकणाऱ्याला चैनीचं वाटतं. रोजच्या जेवणाबरोबर घेता येईल अशी स्वस्त वाइन दुकानांसाठी निवडून द्यायची. कागदात गुंडाळलेल्या बाटल्या. घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा, गुण द्यायचे. पोटात थेंब जात नाही. मात्र त्या खोलीत यायचं ते बिनवासाचं. अत्तर नाही, पावडर नाही, केसांना तेलसुद्धा नाही. बाळंतपणाची रजा संपवून आल्यापासून साहेब माझ्या चुकीची वाटच बघत होते. बाळंतपणानंतर बायकांचं नाक बिघडतं म्हणे.

“त्यांच्या खांद्याचा वास घ्या,” शेजारचा टकलू म्हणाला. “बाम आहे. मला पहिल्या ग्लासापासून येतोय.”

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“मी कशाला बोलू? मी माझे गुण बरोबर दिलेत.”

मी खांदा हुंगला आणि सकाळ आठवली. बाळाला सर्दी म्हणून घरभर बामचा वास होता. अंगाला लागलेला वेगळा कळलाच नाही. निघताना सासूबाईंनी बाळ माझ्या खांद्यावर टाकलं होतं. वरून मी कोट चढवला. इथल्या उबेत तो काढला आणि वास मोकळा सुटला.

“परत असं झालं,” साहेब म्हणाले, “तर या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. तुम्ही गोदामात बाटल्या पुसा.”

घरी आल्या आल्या मी विचारलं, “आई, बाम लावलेलं बाळ माझ्या अंगावर का दिलंत? माझं काम माहीत आहे ना तुम्हाला?”

“काम! चुळा भरायचं!” सासूबाई म्हणाल्या. “आईला दारूचा वास चालतो, पोराचा नाही. धन्य आहेस बाई!”

“एरवी मी निघताना तुम्ही त्याला आत घेऊन जाता. आजच कसं दिलंत?”

“पोर आईकडे दिलं, आता त्याचाही गुन्हा?”

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. “तुमचं तुम्ही बघून घ्या. मला मधे घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बाळाला घेऊन दारातच उभ्या होत्या. बाळाच्या छातीवर बाम चकाकत होता. मी कान देऊन त्याचा श्वास ऐकला. नाक मोकळं होतं, घरघर नव्हती. सर्दी ओसरली होती.

“घे की. तुझ्यासाठीच रडतंय,” सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत.

त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं उघडली, मिटली. माझी छाती भरून आली, दूध उतरलं. मी हात कोटाच्या खिशात घातले आणि त्याला न शिवता अंग चोरून दाराबाहेर पडले.

“दगड आहेस दगड!” सासूबाई मागून ओरडल्या. त्या ओरडण्याच्याही वर त्याचं रडणं चढलं.

रस्त्याच्या वळणावर थांबून मी खांदा हुंगला. मग दोन्ही बाह्या. मग तळवे.

कसलाच वास नव्हता.