डाललेला दिवा

कार्तिक सरत आला होता. कापणी उरकलेली भाताची खाचरं सोनसळी, निवांत पहुडली होती. डोंगराच्या जांभळ्या खांद्यावरून सांज उतरत होती. सावकाश, जपून, डोक्यावर भरला हंडा असल्यासारखी.

शाळेच्या ओसरीवर वैजयंतीबाईंनी मुलांना रंगवायला नकाशे वाटले होते. रात्री जिथे दिव्यांचा लखलखाट, तिथे पिवळा रंग. जिथे निबिड अंधार, तिथे काळा. त्या लखलखाटात तारे कसे बुडून जातात, तेही त्यांनी समजावलं. शहरं पिवळी झाली, हमरस्ते पिवळे झाले, आणि शेंडवाडी साऱ्यांनी काळी केली.

एकट्या तुळसाने ती पिवळीधमक रंगवली.

बाईंनी चुकीवर बोट ठेवलं. तुळसाने मान वर केली नाही, पण आवाज ठाम होता. "बाई, रातच्याला वर बघा की. आमच्या वाडीइतका उजीड कुठंच न्हाई."

बाई वाडीत नव्या होत्या. अंधाराला भिऊन त्या दिवेलागणीलाच कडी लावून घेत. त्या संध्याकाळी मात्र त्या अंगणात उभ्या राहिल्या. आणि आकाश उमललं! नक्षत्रखचित, रजतस्नात, अपार. पूर्वेला कृत्तिकांचा इवला घोस, माथ्यावर ताऱ्यांचा सडाच सडा. बाईंना हसू आलं, रडूही आलं. नकाशा तुळसाचाच खरा होता.

मग त्यांची नजर शाळेपुढच्या नव्या खांबावर गेली. त्याच्या टोकाला भला थोरला, उघडाबोडका दिवा होता. उद्या तो लागला, की हे सारं वैभव पुसलं जाणार होतं. 

सकाळी त्या मुलांसह, नकाशा घेऊन सरपंच सावळेरामतात्यांच्या दारात गेल्या. तात्यांनी कौतुकाने नकाशा पाहिला, पण दिवा नको म्हणताच नकाराची मान हलवली. वाटेवर विंचूकाटा असतो, बायाबापड्या पाण्याला जातात, दिवा लागणारच. त्यांचंही खोटं नव्हतं. 

तात्यांच्या अंगणात बांबूचं डालगं पालथं पडलं होतं. रोज सांजेला घरोघरी असंच डालगं पालथं घालून कोंबड्या डालतात. तुळसा त्याच्याकडे बघत राहिली.

"तात्या, कोंबड्या डालतो तसा दिवा डाला की. खाली उजीड, वर आभाळ."

तात्या खो खो हसले. हसता हसता उठले आणि माळ्यावरचं जुनं घमेलं काढून त्यांनी दिवा जोडायला आलेल्या वायरमनच्या हाती दिलं.

सांज झाली. अवघी वाडी खांबाभोवती जमली. पालथ्या घमेल्याखाली दिवा लागला आणि उजेड वाटेवर, पावलांवर, हसऱ्या चेहऱ्यांवर ओघळला. वर मात्र चढला नाही. वर तेच आकाश, तेच अथांग, तेच आपलं.

तात्यांनी नारळ फोडायला हात उचलला. वर पाहिलं. पाहतच राहिले.

नारळ हातातच राहिला, आणि डोंगराआडून कृत्तिका वर आल्या.