यानिकबाईंचं पुडिंग

"'नाही' हा शब्द ऐकायचाच नाही, वेंडेल. गिऱ्हाईक नाही म्हणालं की समजायचं, अजून नीट दाखवलेलं नाही. पुन्हा दाखव."

पोहण्याचे तलाव विकणाऱ्या कंपनीतला जुना साहेब रोज सकाळी असं बजावायचा, आणि वेंडेल प्रूइटनं ते इतकं अंगी बाणवलं की ॲरिझोनाच्या उन्हात पाण्याला भिणाऱ्यांच्या परसातही त्यानं तलाव खणवले. चाळिशी जवळ आली तेव्हा त्याच्या मनानं घेतलं, आता डॉक्टर व्हायचं. मेडिकल कॉलेजवाले म्हणाले, छान, पण आधी आजारी माणसांत राहून दाखवा. म्हणून बायकोच्या माहेरी, विस्कॉन्सिनच्या बर्फात, तो एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागला. तोंडं पुसायची, चादरी बदलायच्या, घास भरवायचे. आश्रमाचे डॉक्टर थायर त्याच्याबद्दल कॉलेजला दोन शब्द चांगले सांगणार होते. सगळी भिस्त त्यांच्यावर.

आड आल्या आश्रमातल्या यानिकबाई.

पाण्याबरोबर गोळी घेताना बाईंना ठसका लागे, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या कुटून पुडिंगमध्ये कालवून द्यायची पद्धत होती. आजवर बाई चमचा चाटूनपुसून खात. एका बुधवारपासून मात्र ओठ मिटले ते मिटलेच. नर्स ओडेसानं हात टेकले आणि म्हणाली, "तू विकणारा माणूस ना? मी उभी आहे इथंच. हे खपवून दाखव बरं."

"यानिकबाई, आज खास चॉकलेटचं!"

"असू दे की."

"काल व्हॅनिला नको म्हणालात ना, म्हणून."

बाई पत्त्यांच्या जोडीदारणीकडे वळल्या. "अगं बर्नडीन, आला बघ तलाववाला. आज कुठला रंग आणलाय?"

"तपकिरी," बर्नडीन पत्ते पिसत म्हणाली. "उद्या वर चेरी ठेवून आणतो की नाही बघ."

दुसऱ्या दिवशी वेंडेलनं खरोखरच चेरी ठेवून आणली. दोघी इतक्या हसल्या की हातातले पत्ते जमिनीवर सांडले.

वेंडेलचं डोकं फिरलं. त्यात बाईंचा रक्तदाब चढू लागला. डॉक्टर थायर आले, तेव्हा आपणही निदान करू शकतो हे दाखवायची हीच वेळ, असं त्याला वाटलं. "डोक्यात गोंधळ सुरू झालाय त्यांच्या," तो ठसक्यात म्हणाला. "खायचं काय, हेच कळेनासं झालंय." डॉक्टरांनी मान डोलावली आणि बाईंना आजच वरच्या मजल्यावर हलवायला सांगितलं. वरचा मजला विस्मरण झालेल्यांचा. दाराला कुलूप, आणि पत्ते खेळायला कुणी नाही.

दुपारी वेंडेल बाईंचं सामान बांधायला गेला. बर्नडीन आज थट्टा करत नव्हती. बाई गुलामाचं पान उगाच उलटंपालटं करत होत्या. वेंडेलच्या हातात आज वाटी नव्हती, दाखवायला काहीच नव्हतं. तोंडून आपसूक निघालं,

"बाई, पुडिंग का नको हो?"

"बर्नडीन! विचारलं गं यानं शेवटी!" बाईंनी पान खाली ठेवलं. "त्या बुधवारी पाद्रीबाबांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला होता. तेवढ्यात हे महाशय ओला टॉवेल घेऊन आले आणि 'किती मळलंय' म्हणत खसाखसा पुसून गेले."

वेंडेलचा चेहरा उतरला. "तो... मळ नव्हता?"

"राखेच्या त्या बुधवारी आमचा उपासकाळ लागतो, पोरा. ईस्टरपर्यंत मी गोडाला शिवत नाही. लहानपणापासूनचं व्रत आहे. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा मोडलं नाही, ते तुझ्या चेरीसाठी मोडू?"

"मग सांगायचं नाही का?"

"व्रताची दवंडी पिटायची नसते. बायबलात म्हटलंय, उपास करणाऱ्यानं स्वच्छ तोंड धुऊन हसत बसावं. तोंड तर तूच धुतलंस."

"ओडेसाला तरी..."

"ती मिसिसिपीकडची. तिच्या चर्चमध्ये राख लावत नाहीत. आणि विचारलं कुणी? तिनं वाटी सरकवली, तू रंग दाखवलेस."

"मला ठाऊक होतं," बर्नडीन पुटपुटली. "पण करमणूक चांगली चालली होती. इथवर जाईल असं नव्हतं वाटलं गं."

"कुस्करलेल्या बटाट्यात चालतील गोळ्या?" वेंडेलनं हळूच विचारलं.

"लोणी-मीठ घालून आण. गोळ्यांशी माझं काय वैर?"

ओडेसानं स्वतः बटाट्यात गोळ्या कालवल्या. बाईंनी वाटी रिकामी केली. पण अर्धं बांधलेलं सामान पलंगावर तसंच होतं.

"आता डॉक्टरांना कोण सांगणार?" बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतील, बघा, बरळतेय."

"मी सांगतो. वेडगळपणा तुमचा नव्हता, माझा होता, असं सांगतो."

"आणि मग ते तुझ्याबद्दल चांगलं कसं बोलतील रे?"

वेंडेलनं पत्ते बाईंच्या पुढ्यात सरकवले. "शब्द दिला, बाई. तुम्ही डाव मांडा."

खिडकीतून दिसत होतं, डॉक्टर थायर बाहेर आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. वेंडेलनं कोट अंगात घातला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि त्यांच्याकडे चालू लागला.