दगडाबाईची पाटी

सोपानचं पत्र येऊन सात महिने झाले, तरी वसंतरावांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. पत्र मात्र त्यांना पाठ झालं होतं.

'वसंता, तू लाकूड कोरायचं यंत्र करतोयस असं कानावर आलं. माझी नवी होडी तयार हाय. तिला आमच्या मंडळींचं नाव द्यायचंय, दगडाबाई. त्या म्हणत्यात, असल्या नावाची होडी बुडंल. बघूच म्हणलं. पाटी तूच कोर. तवर होडी पाण्यात घालत न्हाय.'

म्हणजे तिकडे नरसिंहपूरच्या घाटावर होडी पालथी पडलेली, आणि इकडे बारामतीत, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले वसंतराव मागच्या खोलीत यंत्रापुढे बसलेले. चार पुस्तकं वाचून त्यांनी ते घरीच जोडलं होतं. त्याच्या कडांना नखाएवढे लिमिट स्विच होते. कोरणारं पातं सरकत कडेला पोचलं की स्विच दाबला जावा आणि यंत्र थांबावं, एवढंच त्यांचं काम. पण यंत्र कड यायच्या कितीतरी आधीच थांबे. जेमतेम अर्धा 'द' झाला की खटकन बंद. अशा तीन पाट्या वाया गेल्या. इंदिराबाईंनी त्या पिठाच्या डब्यांवर झाकण म्हणून ठेवल्या.

"अहो, जमत नाही असं तरी कळवा. बिचारा वाट बघत असेल."

"कळवतो," वसंतराव म्हणत. पण जमत नाही हे लिहायचाही त्यांना धीर होत नव्हता. सोपान शाळेपासूनचा मित्र, आणि त्याने दुसरं पत्र पाठवलं नव्हतं. रागावला असेल का, हेच मनात घोळत राही.

शेवटी इंदिराबाईंनीच इंदापूरच्या संजीवनीला बोलावलं. ती विहिरींवरच्या मोटरींचे पॅनेल बसवायची.

"तात्या, हात लावू का?" म्हणत तिने पेन्सिलीने एकेक स्विच दाबून पाहिला. दाबला की यंत्रावरचा दिवा लागत होता. "स्विच बरं हायत." मग पातं फिरवणारी मोटर बंद ठेवून तिने यंत्र चालवलं. सगळं नाव हवेतल्या हवेत गिरवून झालं, यंत्र कुठंही अडलं नाही. मोटर चालू केली आणि अर्ध्या 'द'वर खटकन बंद.

संजीवनी खाली वाकली. सगळ्या वायरी एका जुडीत, मेणाच्या दोऱ्याने दोन-दोन बोटांवर गाठी मारून बांधलेल्या.

"ह्ये कुणी बांधलं?"

"मीच. पुस्तकं शिवायची सवय ना," वसंतराव पुटपुटले.

"लई देखणं हाय. पन घोळ हितंच हाय. मोटरीची जाड वायर आन स्विचची बारीक वायर शेजारी-शेजारी. मोटर वरडली की बारकीला धक्का बसतो, आन यंत्राला वाटतं कड आली. डाळजला एका विहिरीवर अस्संच झालतं. विहीर काठोकाठ, आन पॅनेल म्हणतंय पानी संपलं!"

"म्हणजे चूक माझीच."

"चूक न्हाय वो. टापटीप जरा जास्त झाली."

"चाळीस वर्षं हेच सांगतेय मी," इंदिराबाई दारातून म्हणाल्या.

गाठी वसंतरावांनी स्वतः कापल्या. पहिल्या गाठीला जीव हळहळला, मग कात्री सरसर चालली. संजीवनीने स्विचसाठी जाळीचं वेष्टण असलेली वायर दुसऱ्या अंगाने नेली, जाळीचं एक टोक अर्थिंगला जोडलं आणि स्विचची जोडणीही उलटी केली. आता त्यातून वीज कायम वाहणार आणि स्विच दाबला की तुटणार.

"उद्या उंदरानं वायर कुरतडली तरी यंत्र आपलं थांबंल. धडकायचं न्हाय."

यंत्र सुरू झालं. अर्धा 'द' गेला. पुरा 'द' झाला. "ग," इंदिराबाई मोठ्याने वाचू लागल्या. "डा... बा..." शेवटच्या 'ई'ला संजीवनीनेही सूर मिळवला. मग तिने यंत्र मुद्दाम कडेला नेलं, तर तिथे ते अगदी शहाण्यासारखं थांबलं. वसंतरावांनी टाळी वाजवली आणि स्वतःच लाजले. त्यांच्या भुवयांवर सागाचा भुसा बसला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी कार्ड लिहिलं. दोन कार्डं फाडली, तिसरं ठेवलं. 'सोपान, पाटी झाली. सोमवारी आम्ही दोघं घेऊन येतो. इतके दिवस लिहिलं नाही, कारण जमत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. होडी सरळ करून ठेव.'

टपालपेटीपाशी त्यांनी चष्मा चढवला आणि कार्ड पुन्हा वाचायला घेतलं. 'लाज' हा शब्द नको होता की काय?

"अहो," इंदिराबाई म्हणाल्या, "कड आलेली नाही अजून. कशाला थांबताय?"

वसंतराव खुदकन हसले आणि त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.